एकशे त्रेचाळीस विष्णुपंत

कुंदाताई पोंक्ष्यांनी कादंबरी टेबलावर ठेवली आणि त्या म्हणाल्या, "हे घ्या परत. मला यात रडू येत नाही."

बदलापूर पश्चिमेला, बेलवलीत, चोवीस बिऱ्हाडांच्या शांतादुर्गा सोसायटीत जिन्याखाली विजेच्या मीटरांना लागून एक लोखंडी कपाट होतं. त्या कपाटाला वाचनालय म्हणत आणि चिंतामणी टिपणिसांना ग्रंथपाल. मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी सात ते आठ टिपणीस कपाटासमोर टेबल-खुर्ची मांडून बसत. येणारे-जाणारे त्यांना फ्यूज कुठला गेलाय ते विचारत. पुस्तक मागायलाही लोक येत, पण वीज असली तर.

टिपणीस अंबरनाथच्या एका कारखान्यात ट्रेसर होते. इंजिनियर साहेबांनी पेन्सिलीनं काढलेलं यंत्राचं चित्र ट्रेसिंग कागदावर शाईनं उतरवायचं, आणि साहेबांनी विचार बदलला की ती रेघ ब्लेडनं खरवडून नवी काढायची. साहेब विचार बदलण्यात पटाईत असल्यामुळे टिपणिसांचा हात इतका बसला होता की कागदाला खरवडल्याचं कळत नसे. अक्षर तर असं, की छापखान्यानं त्यावरून खिळे पाडावेत. या गुणाचं कौतुक सत्तावीस वर्षांत कोणी केलं नव्हतं, हे त्यांचं एक बारीकसं दुःख होतं. अशी बारीक दुःखं माणसाला फार लांब नेतात.

"रडू येत नाही म्हणजे?" त्यांनी विचारलं.

कादंबरीचं नाव होतं 'तडकलेलं वृंदावन', लेखक जयदेव मोहोळकर. मुखपृष्ठावर एक विहीर, एक बाई आणि एक कावळा. सोसायटीतल्या सात बायका ती वाचून रडल्या होत्या, त्यातल्या दोघी तर पान पन्नासच्या आत.

"त्यातला नवरा आहे ना, राक्षस," कुंदाताई म्हणाल्या, "बायकोला माडीवर कोंडणारा, त्याचं नाव विष्णुपंत आहे."

टिपणिसांच्या ध्यानात आलं. कुंदाताईंच्या यजमानांचं नाव विष्णुपंत. पोस्टातून रिटायर झालेले विष्णुपंत पोंक्षे म्हणजे घरात पाल निघाली तर खिडकी उघडून तिला जाण्याची विनंती करणारे गृहस्थ.

"मी दुपारी वाचायला बसते," कुंदाताई सांगू लागल्या. "समोर खाटेवर हे. तोंड उघडं टाकून झोपलेले. पुस्तकात लिहिलंय, 'विष्णुपंतांनी मिशीला पीळ दिला आणि ते गरजले.' मी यांच्याकडे बघते आणि मला हसू फुटतं. ती सुनेत्रा बिचारी उपाशी माडीवर, आणि मी इथं पदर तोंडात धरून. आठ दिवस हसतेय हो. रडायला म्हणून पुस्तक नेलं मी. घरची कामं आटोपून जरा निवांत रडावं म्हटलं, तर तेही नाही."

तक्रार रास्त होती. माणूस कादंबरी वाचतो तेव्हा लेखक बिचारा पानभर वर्णन करून एक चेहरा उभा करतो. भरदार मिश्या, घारे डोळे, रुंद कपाळ. आणि मग वर जे नाव चिकटवतो त्या नावाचा आपल्या ओळखीचा कोणी असला, की मिश्या, डोळे, कपाळ सगळं वाहून जातं आणि तो ओळखीचाच बनियनवर पुढं येऊन बसतो. लेखकाचे कष्ट पाण्यात. टिपणिसांना हे पटलं. त्याहूनही, आपला उपयोग होण्यासारखी जागा पन्नाशी उलटल्यावर एकदाची समोर आली, हे जास्त पटलं.

"शनिवारी नको, पुढच्या मंगळवारी या," ते म्हणाले. "रडायची व्यवस्था करून ठेवतो."

घरी गेल्यावर त्यांनी कादंबरीतले विष्णुपंत मोजले. एकशे त्रेचाळीस भरले. पुस्तकाचा कागद ट्रेसिंगसारखा खरवडण्याच्या लायकीचा नव्हता, म्हणून त्यांनी पुस्तकाच्याच शेवटच्या कोऱ्या पानाच्या चिमुकल्या चिठ्ठ्या कापल्या. रंग तोच, म्हणजे जोड दिसायला नको. प्रत्येक चिठ्ठीवर बारीक पेनानं नवं नाव, मागं डिंकाचं बोट, आणि चिमट्यानं अलगद जुन्या नावावर. नवं नाव ठरवलं 'धर्मराज'. सोसायटीत, कारखान्यात, दोन्हीकडच्या नात्यात एकही धर्मराज नाही याची खात्री करून घेतली होती. शिवाय राक्षसाचं नाव धर्मराज असण्यात वाङ्मयीन उपरोध आहे असं त्यांना वाटलं आणि पुढचे दोन दिवस ते त्या वाटण्यावर खूश होते.

त्यांच्या पत्नी उमाताई पोळ्या लाटता लाटता हे बघत होत्या. "घरातल्या पंख्याचा स्क्रू पडलाय, त्याला गणपतीपासून हात लागला नाही," एवढंच त्या म्हणाल्या.

कारखान्याच्या शिस्तीप्रमाणे कुठलाही बदल चित्राच्या कोपऱ्यात नोंदवावा लागतो. म्हणून मलपृष्ठाच्या आत टिपणिसांनी चौकट आखून लिहिलं : 'सुधारणा अ. विष्णुपंत ऐवजी धर्मराज. कारण : वाचकाची सोय. केले : चिं. टि. तपासले : चिं. टि.'

पुढच्या मंगळवारी कुंदाताई पुस्तक घेऊन गेल्या आणि शनिवारी सुजलेले डोळे घेऊन परत आल्या. "उत्तम पुस्तक," त्या म्हणाल्या. "चार रुमाल झाले."

टिपणिसांना सत्तावीस वर्षांत मिळालेलं हे पहिलं प्रमाणपत्र.

आता त्या भागात 'म्हात्रेशेठ' या नावानं ओळखल्या जाणाऱ्या गृहस्थांना त्यांच्या आईबापांनीही काही नाव ठेवलं असेल, हा विचार टिपणिसांच्या डोक्यात आला नाही, यात त्यांची चूक फारशी नव्हती. सोसायटीची जमीन मूळची म्हात्रेशेठची. नळाला पाणी एक दिवसाआड आणि तेही करंगळीएवढं, त्यामुळे सोसायटीची टाकी भरायची ती म्हात्रेशेठच्या विहिरीवरच्या मोटरनं. त्यांची सून अंजनी बारावी झालेली. ती वाचनालयातून पुस्तकं न्यायची आणि दुपारी भाताच्या कणग्यांपाशी बसून सासूला, कौसाबाईला वाचून दाखवायची.

कुंदाताईंच्या मागोमाग कादंबरीही तिनंच नेली. नंतरच्या आठवड्यात सोमवारी सकाळी टाकी भरली नाही. मंगळवारीही नाही. मंगळवारी संध्याकाळी म्हात्रेशेठ स्वतः कपाटासमोर येऊन उभे राहिले. खांद्यावर टॉवेल, हातात कादंबरी.

"मास्तर, या बुकान माजा नाव कोनी घातला?"

"आपलं नाव?"

"धर्मराज हिराजी म्हात्रे. सातबारावर बघा." म्हात्रेशेठनी पुस्तक टेबलावर ठेवलं. "सून वाचते, म्हातारी आयकते. धर्मराजनं बायकूला मारला, धर्मराजनं बायकूला कोंडला. म्हातारी माज्याकडं बघते. परवा वाचला की धर्मराजनं बायकूला बावीन ढकलला. आता म्हातारी बावीवर येत नाय. मी तिकडं गेलो की ती घरान जाते न् कडी लावते. चाळीस वरसं संसार केला, कदी हात नाय उचलला. आता मना रोज इचारते, तुमच्या मनान हाय तरी काय?"

टिपणिसांनी माफी मागितली. झालं ते अनवधानानं झालं, नाव आजच काढून टाकतो, असं सांगितलं.

"काढू नका," म्हात्रेशेठ म्हणाले. "आमच्या सात पिढ्यांन कुनाचा नाव बुकान नाय आला. नाव ऱ्हाऊ दे. त्याला सुधरवा."

"कोणाला?"

"धर्मराजला. त्यानं बायकूला नीट वागवला पायजे."

टिपणिसांनी समजावून बघितलं, की आपलं काम नावापुरतं, माणसाच्या वागणुकीत हात घालायचा अधिकार लेखकाचा. लेखक पुण्याला राहतो. म्हात्रेशेठनी ते शांतपणे ऐकून घेतलं. मग मोटरचं बेअरिंग गेलंय, ते मिळायला किती दिवस लागतील सांगता येत नाही, असं सांगून ते गेले.

सोसायटीत बादल्या वाजू लागल्या. माणसं एरवी वाचनालयाकडे ढुंकून बघत नसत, ती आता टिपणिसांना जिन्यात अडवून मोहोळकरांच्या कादंबरीवर बोलू लागली. त्यांचं वाङ्मयीन मत एवढंच होतं की अंघोळ झाली पाहिजे.

शेवटी टिपणीस कुंदाताईंकडे गेले. "त्या कादंबरीत कोणी चांगला माणूस आहे का?"

"आहे की. हरिचंद्र नावाडी. विहिरीतून सुनेत्राला तोच वर काढतो."

टिपणीस त्याच संध्याकाळी हरिचंद्राच्या मागं लागले. हरिचंद्र एकोणीस ठिकाणी सापडला, एकोणीसही ठिकाणी त्याचा धर्मराज झाला. 'सुधारणा ब.' राक्षसाला दुसरं नाव द्यायला मात्र चिठ्ठ्यांचा कागद संपला होता. त्यामुळे तात्पुरतं असं झालं, की पान एकशे अठरावर धर्मराज सुनेत्राला विहिरीत ढकलतो आणि पान एकशे वीसवर धर्मराजच दोर टाकून तिला वर काढतो. अंजनीनं हे वाचून दाखवल्यावर कौसाबाई म्हणाल्या, "ढकलला, पन काढला बी." त्यांनी दाराची कडी काढली. म्हात्रेशेठनी एकोणीस हा आकडा फार थोडा आहे, वाईट धर्मराजला काम जास्त दिलंय, अशी कुरकुर केली, पण मोटर चालू केली. रोज अर्धा तास. पूर्ण वेळ चालू होणार होती ती वाईट धर्मराज पुस्तकातून गेल्यावर.

इथवर प्रकरण एका माणसाच्या हातात होतं, म्हणून निदान पुढं सरकत होतं. आता ते सोसायटीच्या चेअरमननी हातात घेतलं.

चेअरमन गुरुदत्त सबनीस अंबरनाथलाच दुसऱ्या एका कारखान्यात पर्सोनेल ऑफिसर होते. दोन माणसं जिन्यात बोलताना दिसली तर तिसऱ्याला मिनिट्स लिहायला बसवावं, असा त्यांचा स्वभाव. त्यांनी रविवारी गच्चीवर सभा बोलावली. "पाण्याशी निगडित निर्णय," ते म्हणाले, "कुणा एका सभासदानं आपल्या डिंकाच्या बाटलीच्या जोरावर घेणं योग्य नाही." 'निगडित' म्हणताना त्यांनी टिपणिसांकडे बघितलं. टिपणीस टाकीच्या सावलीत खाली बघत बसले. आपल्याला सोसायटीनं वाचनालयासाठी डिंकाची बाटलीसुद्धा दिलेली नाही, ती स्वतःची आहे, हे त्यांच्या जिभेवर आलं होतं, ते तिथंच राहिलं.

ठरलं असं, की राक्षसाचं नवं नाव सोसायटीतल्या कोणाचं, कोणाच्या नातेवाइकाचं किंवा साहेबाचं असू नये. त्यासाठी प्रत्येक बिऱ्हाडानं वर्ज्य नावांची यादी द्यावी. नामनिश्चिती उपसमिती नेमली. अध्यक्ष सबनीस, सदस्य सबनीस सांगतील ते.

आठवड्याभरात याद्या आल्या. एकूण चारशे अठरा नावं. तिसऱ्या मजल्यावरच्या मधु कर्णिकांनी एकट्यानं त्रेसष्ट नावं दिली होती, त्यात एक मांजर होतं. कोणी मेलेल्या आजोबांचं नाव दिलं, कोणी अजून जन्माला यायच्या नातवाचं राखून ठेवलं. एका बाईंनी सगळे गणपती, सगळे शंकर आणि सगळे विष्णू एका ओळीत वर्ज्य केले. देवांची नावं गेल्यावर मराठी पुरुषाकडे उरतं काय, हे उपसमितीला तेव्हा कळलं. तीन पाकिटं मात्र बंद आली होती आणि त्यांवर 'वर्ज्य नव्हे, सुचवणी' असं लिहिलेलं होतं. सबनिसांनी सगळ्यांसमोर पहिलं फोडलं, वाचलं, आणि उरलेली दोन न फोडता खिशात घातली. पहिल्यातली चिठ्ठी शेजारी बसलेल्या टिपणिसांना ओझरती दिसली. तिच्यावर 'गुरुदत्त' असं लिहिलं होतं.

उपसमितीचा अहवाल एका वाक्याचा होता : मराठीत नाव शिल्लक नाही.

टिपणीस घरी आले ते पाय ओढत. पाण्याचा दोष आपल्यावर, सभेतला टोमणा आपल्यावर, आणि वर तोडगाही आपणच काढायचा. त्यांनी चारशे अठरा नावांची यादी टेबलावर पसरली. उमाताई तांदूळ निवडत होत्या.

"मग नाव देऊच नका," त्या म्हणाल्या.

"माणसाला नाव नको?"

"कशाला हवं? मी तीस वर्षं तुमचं नाव न घेता संसार करतेय. काही अडलं का? 'ते' म्हणायचं. 'ते आले, ते गेले, ते बोलले.' ज्याला कळायचं त्याला कळतं."

टिपणीस उठून उभेच राहिले. मराठी लेखक राक्षसाचंही वय झालं की त्याला आदरार्थी बहुवचन देतो. मोहोळकरांनीही 'विष्णुपंत गरजले, विष्णुपंतांनी लाथ मारली' असंच लिहिलं होतं. त्यामुळे 'ते गरजले, त्यांनी लाथ मारली' हे चपखल बसत होतं. व्याकरणाला कुठं धक्का नाही. सुनेत्रा विहिरीच्या काठावर हात जोडून 'थांबा, विष्णुपंत' म्हणते, त्या एका ठिकाणी अडलं, तिथं त्यांनी 'थांबा, अहो' केलं. आता आतलं कोरं पान नव्हतं, म्हणून मुखपृष्ठामागचं कोरं पान कापलं. दहा दिवस लागले. 'सुधारणा क.' या तोडग्यावर कोणाचाच आक्षेप येणं शक्य नव्हतं. 'ते' नावाचा माणूस चोवीस बिऱ्हाडांत नव्हता. म्हात्रेशेठनी मोटर पूर्ण वेळ चालू केली. सबनिसांनी सभेत उपसमितीचं अभिनंदन केलं.

पुस्तक पहिल्यांदा सबनिसांच्या घरी गेलं. त्यांच्या पत्नीचं नाव सुनेत्रा, त्यामुळे त्यांचा त्या कादंबरीवर आपला पहिला हक्क आहे असा समज होता, आणि त्यांनी ती याआधी दोनदा वाचलेली होती. या वेळी त्या वाचायला बसल्या. 'ते घरात आले. घरातलं बोलणं थांबलं. त्यांनी ताट पुढं ओढलं आणि भाजीकडे बघून विचारलं, हे काय आहे.'

तेवढ्यात गुरुदत्त सबनीस कारखान्यातून घरी आले. सवयीप्रमाणे त्यांनी झाकण उचललं आणि विचारलं, "हे काय आहे?"

सुनेत्राताईंनी पुस्तकातून मान वर केली आणि नवऱ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं. सबनिसांनी नंतर टिपणिसांना खासगीत सांगितलं की पंचवीस वर्षं युनियनशी वाटाघाटी केल्या, पण असं कोणी बघितलं नाही.

ती साथ होती. ज्या बाईच्या हाती पुस्तक जाई ती चार दिवसांत मान वर करी. कारण सोसायटीतली प्रत्येक बाई आपल्या नवऱ्याला 'ते' म्हणत होती. विष्णुपंत हा एकाच घरचा राक्षस होता, धर्मराज एका विहिरीपुरता. 'ते' मात्र चोवीसही बिऱ्हाडांत, दाराला लॅच लावून, लुंगीवर बसलेले होते. आणि कादंबरीतले 'ते' काही बारा महिने विहिरीत ढकलत नव्हते. ते काम पान एकशे अठराला एकदाच. बाकीची पानं ते चहा थंड म्हणत, माहेरचं पत्र आधी स्वतः फोडत, विचारलेल्या प्रश्नाला वर्तमानपत्राआडून 'हं' म्हणत. बायका रडत नव्हत्या आता. पानांच्या कडेला पेन्सिलीनं बारीक खुणा होऊ लागल्या. एका पानावर कोणीतरी 'अगदी' असं लिहिलं, त्याखाली दुसऱ्या हातानं 'आमच्याकडेही'. पुस्तकासाठी नंबर लागले. वाचनालयाला असा सुगीचा काळ कधी आला नव्हता. मंगळवारी सात वाजता टेबलापुढं नऊ बायका रांगेत असत आणि समोरच्या कट्ट्यावर त्यांचे नऊ नवरे, काही कारण नसताना, बसलेले असत.

एवढ्या हातांतून गेल्यावर पुस्तकाची शिवण सुटली. तीनशेवर चिठ्ठ्यांनी ते मुळातच फुगलेलं होतं. टिपणीस ते उल्हासनगरला, कॅम्प तीनमधल्या वासुमल बाइंडरकडे घेऊन गेले. वासुमलनं पुस्तक तळहातावर तोललं.

"साईं, इसको सूजन आया है. क्या खिलाया?"

"नावं बदललीत थोडी."

वासुमलनं मधलं एक पान उघडलं, प्रकाशात धरलं. त्याला मराठी वाचता येत होतं, हळूहळू. वाचता वाचता त्याचं बोट थांबलं. "ये 'ते' कौन है? सेठ है क्या?"

"नवरा आहे. हसबंड."

"अच्छा." त्यानं आणखी अर्धं पान वाचलं आणि पुस्तक मिटलं. "मेरे को दो दिन नहीं रखना, आज ही ले जाओ. मेरी घरवाली दुकान पे बैठती है, उसको मराठी आती है." आणि तासाभरात, दाबाखाली नीट ठेवायलाही न थांबता, त्यानं जाड पुठ्ठ्याची बांधणी करून पुस्तक हातात दिलं.

त्या रविवारी दुपारी चार वाजता गच्चीवर तातडीची सभा झाली. विषय : वाचनालयातील एक पुस्तक. सभेला फक्त पुरुष होते, तशी नोटिशीत अट नव्हती. सबनीस बोलायला उभे राहिले. "पाणी वेगळं, संसार वेगळा," ते म्हणाले, "या पुस्तकामुळे सभासदांच्या घरगुती वातावरणात तणाव आहे. माझ्या घरात नाही. पण आहे."

मधु कर्णिक म्हणाले, "मला बायको परवा म्हणाली, तुम्ही 'हं' म्हणालात. मी तीस वर्षं 'हं' म्हणतोय. आत्ताच कसं ऐकू आलं?"

पुष्कळ चर्चा होऊन सगळे एका मुद्द्यावर आले. राक्षसाला नाव असलंच पाहिजे. एका माणसाचं नाव असलं की बाकी तेवीस सुटतात. प्रश्न एवढाच राहिला, की ते एक नाव कोणाचं. गच्चीवर प्रत्येकजण दुसऱ्याच्या चपलांकडे बघू लागला.

"माझंच होतं की मुळात," कोपऱ्यातून आवाज आला. विष्णुपंत पोंक्षे. ते सभेत कधी बोलत नसत, त्यामुळे आवाज कुठून आला हे कळायला वेळ लागला. "राहू दे. माझी काही हरकत नाही."

"पोंक्षे, नीट विचार केलात का?" सबनिसांनी विचारलं, पण लिहायला सुरुवातही केली.

"केला. पहिल्यांदा ते पुस्तक घरी होतं ना, तेव्हा ही आठ दिवस माझ्याकडे बघून हसत होती. दुपारी. मी जागाच असायचो, डोळे मिटून. इतकी हसताना मी तिला साखरपुड्यानंतर बघितलं नव्हतं." विष्णुपंतांनी चष्मा पुसला. "मग टिपणिसांनी नाव बदललं."

टिपणिसांना आपण मोठीच चोरी केल्यासारखं वाटलं, आणि तीही डिंक लावून. सबनिसांनी घसा साफ केला. ठराव झाला : पुस्तक ताबडतोब परत मागवावे, मूळ नाव पूर्ववत करावे, तोपर्यंत कोणासही देऊ नये. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते. टिपणिसांनी पुस्तक आत्ताच्या आत्ता आणून चेअरमनच्या स्वाधीन करावं, सभा तोवर इथंच थांबेल.

पुस्तक बंद केल्याची नोंद करायला टिपणीस आधी खाली रजिस्टरपाशी गेले. वासुमलकडून आणल्यापासून पुस्तक बांधणी वाळण्यासाठी घरीच टेबलावर आहे असा त्यांचा समज होता. रजिस्टरमध्ये शेवटची नोंद त्यांच्या अक्षरात नव्हती. कार्ड क्रमांक एक, सौ. उमा चिंतामणी टिपणीस, दिनांक कालचा. उमाताई वाचनालयाच्या पहिल्या सभासद होत्या. कार्डाचे क्रमांक एकपासून सुरू करायचे तर कोणीतरी एक हवा, म्हणून त्यांना केलेलं होतं. चार वर्षांत त्यांनी एकही पुस्तक नेलं नव्हतं.

दार लोटलेलंच होतं. उमाताई स्वयंपाकघराच्या खिडकीशी भिंतीला टेकून बसल्या होत्या, मांडीवर कादंबरी. गॅसवर चहाचं आधण नव्हतं. चार वाजून गेले असताना त्या घरात आधण नाही, हे टिपणिसांनी कधी बघितलं नव्हतं.

"ते पुस्तक हवंय," ते म्हणाले. "सभा थांबलीय."

"चाळीस पानं राहिलीत," उमाताई मान वर न करता म्हणाल्या.

टिपणीस दाराशी उभे राहिले. मग स्टुलावर बसले. उमाताईंनी पान उलटलं. आधी वाचलेल्या बायकांनी काय केलं ते टिपणीस जिन्याखाली बसून दर वेळी ऐकत होते. वाचता वाचता मान वर करून नवऱ्याकडे बघायचं. त्या बघण्याला आपणही तोंड द्यायचं, अशी त्यांनी मनाची तयारी केली. चेहरा जरा सौम्य करून ठेवला. उमाताईंनी आणखी एक पान उलटलं. आणखी एक. मान काही वर झाली नाही.

हायसं वाटायला हवं होतं. थोडा वेळ वाटलंही. मग ते कमी कमी होत गेलं.

"त्यात मी कुठं दिसत नाही ना?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तुम्ही?" उमाताईंनी ओळीवर बोट ठेवलं. "तुम्ही कसे असाल यात? हे वाईट आहेत, पण घरात असतात. ओरडतात तरी तिच्यावर. तिचं नाव घेऊन." त्यांनी बोट उचललं आणि वाचायला लागल्या.

हे त्या रागानं बोलल्या असत्या तर टिपणिसांना उत्तर सुचलं असतं. भांडणाची उत्तरं माणसाजवळ तयार असतात. त्या घड्याळाची वेळ सांगावी तशा बोलल्या होत्या. टिपणीस टेबलाकडे बघत राहिले. त्यावर चिमटा, डिंक, कात्रणं आणि चारशे अठरा माणसांची नावं होती. टेबलाची खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवलेली होती. ती गेली कित्येक वर्षं तशीच होती.

ते उठले आणि गच्चीवर गेले.

"आणलंत?" सबनिसांनी विचारलं.

"पुस्तक वाचकाकडे आहे," टिपणीस म्हणाले.

"मग घ्या की परत. ठराव झालाय."

"वाचनालयाचा नियम पंधरा दिवसांचा आहे. दिलेलं पुस्तक मुदतीआधी मागता येत नाही."

"टिपणीस, ही सोसायटीची सभा आहे."

"हो. आणि मी ग्रंथपाल आहे." आवाज थोडा चिरकला, पण शब्द पूर्ण बाहेर पडले. "ठराव नोंदवून ठेवा. मुदत संपल्यावर बघू. त्यापुढं नऊ जणींचे नंबर आहेत, तेही नियमानं द्यावे लागतील. पोंक्षे, तुम्हाला थांबायला लागेल, माफ करा."

"थांबतो," विष्णुपंत म्हणाले. "मला घाई नाही."

मागं सबनीस 'निगडित' असं काहीतरी बोलत होते. ते पुरं ऐकायला टिपणीस थांबले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी आधी चहाचं आधण ठेवलं. साखर कुठल्या डब्यात असते ते विचारायचं टाळून तीन डबे उघडले, चौथ्यात सापडली. दोन कप घेऊन ते खिडकीशी आले आणि, स्टूल बाजूला सारून, खाली फरशीवर बसले. गुडघे वाजले.

उमाताईंनी न बघता कप घेतला, एक घोट प्यायल्या. साखर जास्त झाली होती हे त्यांच्या भुवईवरून कळलं. त्या वाचत राहिल्या. दहा-बारा पानं उरली होती. टिपणिसांनी ती कादंबरी तीनदा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत बोट फिरवून तपासली होती. एकशे त्रेचाळीस विष्णुपंत, एकशे बासष्ट धर्मराज, एकोणीस हरिचंद्र. त्यातलं एकही नाव त्यांच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

"उमा," त्यांनी विचारलं, "त्या सुनेत्राचं पुढं काय होतं गं?"

उमाताईंनी मान वर केली. त्यांनी नवऱ्याकडे बराच वेळ बघितलं. मग पानात बोट घालून पुस्तक मिटलं, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "अहो, तिचं लग्न ठरतं तिथपासून सांगावं लागेल. नीट टेकून बसा."